विमा कंपनी विरुद्ध आमची मावशी

माझ्या मावशीइतकं नियमानं वागणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, आणि नियमानं वागण्याच्या हौसेपायी स्वतःच्या गळ्यात इतकी लचांडं अडकवून घेणारंही पाहिलं नाही. ती मुलींच्या एका शाळेत पी.टी.ची बाई होती. लग्न केलं नाही. नागपूरच्या नंदनवन भागात दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे पेरूचं झाड, आणि गळ्यात शाळेपासूनची शिट्टी. निवृत्त झाल्यावर लोक चष्मा बदलतात, कवळी बसवून घेतात. मावशीनं शिट्टीची नवी दोरी घेतली. तिच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी पाठ सरळ करावी लागे. लग्नाच्या पंगतीत ती उभी राहिली की वाढपी आपोआप एका रेषेत चालत. एकदा आमच्या नात्यातल्या एका बारशाला बाळाला पाहायला गर्दी उसळली, तेव्हा तिनं शिट्टी वाजवून सगळ्या बायकांची उंचीप्रमाणे रांग लावली होती. बाळाची आमच्याकडची आजी सर्वांत बुटकी, म्हणून तिचा नंबर पहिला लागला, हा निव्वळ योगायोग; पण व्याह्यांकडची मंडळी त्यावरून अजून रुसलेली आहेत.

तिच्या नियमांत एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. आपण आऊट झालो की हात वर करायचा आणि पंचाची वाट न पाहता मैदानाबाहेर जायचं. हे ती खो-खोच्या पोरींना शिकवायची, आणि स्वतः पत्ते खेळतानासुद्धा पाळायची. शाळांच्या स्पर्धेत एकदा अंतिम सामन्याला ठरलेला पंच आला नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या संमतीनं मावशीच पंच झाली. समोरच्या शाळेनं ही संमती का दिली हे तेव्हा कुणाला कळलं नाही. सामना संपता संपता कळलं. मावशीच्या शाळेची संध्या नावाची पोरगी निसटता निसटता आऊट झाली. कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. संध्या स्वतःही गप्प उभी होती. मावशीनं शिट्टी वाजवली आणि ढाल समोरच्या शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाई त्यानंतर वर्षभर तिच्याशी फक्त शिपायामार्फत बोलत. "पोरगी आऊट होती," मावशी आम्हाला सांगायची, "आता मी काय माहे डोळे झाकून घेऊ?" त्या संध्याला मात्र तिनं दुसऱ्या दिवशी घरी बोलावून भजी खाऊ घातली आणि भजी संपल्यावर विचारलं, "हात काहून वर केला नाही वं?"

निवृत्तीनंतर तिनं गाडी शिकायला घेतली. का, ते तिलाच ठाऊक. एका डॉक्टरांची जुनी, लहानशी, पांढरी गाडी विकायला निघाली होती, ती तिनं घेऊन टाकली आणि मागच्या काचेवर लाल रंगाचा एवढा मोठा 'एल' चिकटवला की काचेतून मागचं काही दिसेनासं झालं. हॉर्न ती कधी वाजवत नसे. हॉर्न वाजवणं म्हणजे लोकांच्या अंगावर खेकसणं, असं तिचं मत. ती काच खाली करून शिट्टी वाजवायची. नंदनवनाच्या चौकातले लोक सुरुवातीला दचकून पोलिस शोधत. मग सवय झाली. गाडी चालवताना समोर कुणीही आलं, माणूस, म्हैस, सायकल, की ती थांबे आणि हातानं पुढे जायची खूण करी. म्हशींना ही खूण कळायला वेळ लागतो. तिच्याबरोबर मी एकदा नंदनवनाहून धरमपेठेत, माझ्याच घरी, पुतण्याच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, जेवणाला आलो. आम्ही पोचलो तेव्हा मुलीकडचे लोक विडे खाऊन चपला शोधत होते. "घाईनं गेलो असतो तर काय झालं असतं?" मावशीनं विचारलं. जेवण मिळालं असतं, असं मी म्हटलं नाही. तिच्यासमोर फार कमी गोष्टी म्हणता येत.

लायसन्सची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. लर्निंग लायसन्स मिळालं, शिकणं झालं, आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा द्यायला मावशी गेली. परीक्षा घ्यायला समोर कोण, तर खाकी गणवेशातली संध्या, तीच ती आऊट झालेली. मावशीला पाहून संध्या उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला, आणि मग परीक्षा घेतली. मावशीनं गाडी सरळ नेली, वळवली, चढावर थांबवली, सगळं शिस्तीत. शेवटी रिव्हर्स घ्यायला सांगितलं. मावशीनं मागे घेतली आणि मागचा खांब आडवा केला. संध्यानं आधी खांब सरळ केला. मग म्हणाली, "बाई, रिव्हर्समध्ये नापास." मावशी घरी आली ती पेढे घेऊनच. आम्हाला वाटलं, पास झाली. "नाही ना गा," ती म्हणाली, "नापास झाली. पण पोरगी मले भ्याली नाही. बरोबर निर्णय देल्ला तिनं." नापास झाल्याचे पेढे मी त्यानंतर कुठे खाल्ले नाहीत.

पुन्हा परीक्षा देणं मात्र राहून गेलं. रिव्हर्सचा सराव पक्का झाल्याशिवाय संध्यासमोर उभं राहायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि रिव्हर्स काही पक्की होईना. म्हणून एक लर्निंग संपलं की ती दुसरं काढायची. लर्निंगवाल्याच्या शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसलेला पाहिजे, असा नियम आहे. नागपुरात हा नियम पुस्तकाबाहेर फक्त मावशी पाळत असावी. कुठे जायचं झालं की ती आधी लायसन्सवाला माणूस शोधे. दूधवाला, पोस्टमन, समोरचा किराणा दुकानदार, सगळे आळीपाळीनं तिच्या शेजारी बसून कुठे कुठे जाऊन आले होते. एखादे वेळी कुणीच मिळालं नाही तर ती बसस्टॉपवर जाऊन रांगेतल्या लोकांना विचारी, "लायसन्स आहे काय कोणाजवळ? जवळच जाऊन राहिली मी, वापस आणून सोडतो." वापस आणून सोडेपर्यंत त्या माणसाच्या अर्ध्या दिवसाची वाट लागलेली असे, पण तिच्या गाडीत बसलेला माणूस उतरताना हसत उतरे, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मग तो दिवस उजाडला. शेजारच्या कुंदाताईंना दम्याचा जबरदस्त झटका आला. त्यांचे यजमान नागपूरबाहेर मौद्याला वीज केंद्रात ड्यूटीवर. ऑटो एकही मिळेना. कुंदाताईंचे ओठ निळे पडायला लागले, तशी मावशीनं गाडी काढली, त्यांना शेजारी बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा वेगानं चालवली. दवाखाना वेळेवर गाठला, कुंदाताईंना ऑक्सिजन लागला, त्या वाचल्या. मावशी बाहेर आली. गाडी दवाखान्याच्या दारातच आडवी उभी होती, ती बाजूला लावायची म्हणून तिनं रिव्हर्स घेतली. मागच्या पानठेल्यावरून निघून एक गृहस्थ नेमके त्याच वेळी गाडीमागून चालले होते. धक्का लागून ते पडले आणि चाक त्यांच्या पायावर गेलं.

त्यांचं नाव देवराव. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हंगाम नुकता सुरू झाला होता आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. आपल्याकडे अपघात झाला की चूक कुणाची हे ठरवायला पाच मिनिटांत पंचायत जमते. इथेही जमली. पण मावशी गाडीतून उतरली, तिनं हात वर केला आणि म्हणाली, "चूक माही आहे. मी मांगं पाह्यलं नाही." जमलेल्या लोकांना काय करावं ते समजेना. बाह्या वर केलेले दोघंतिघं बाह्या खाली करून निघून गेले. मावशीनं देवरावांचा पाय लाकडी पट्टीनं असा बांधला की हाडाच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, "हे कुणी बांधलं?" मग तिनं पोलिसांत जाऊन स्वतःविरुद्ध तक्रार केली. हवालदारानं तिला दोनदा विचारलं की बाई, तुम्ही तक्रार देणाऱ्या की आरोपी. "दोन्ही," ती म्हणाली. "आता लिहून घ्या."

देवरावांच्या पायात सळी बसली. मावशी दवाखान्यात रोज जाऊ लागली, आता बसनं. देवरावांच्या बायकोला, शोभाताईंना, पहिल्या दिवसापासून संशय. "हे बाई केस टाकू नका म्हणून गोड बोलाले येऊन राहिली," असं त्या वॉर्डभर सांगत. मावशीनं ते ऐकलं आणि त्यांच्यासमोरच देवरावांना म्हणाली, "देवरावजी, माह्यावर दावा टाका. तुमचा हंगाम गेला, पाय गेला. गाडीचा विमा आहे. तुमचा हक्क आहे तो." शोभाताईंचा विश्वास बसेना, तेव्हा मावशी त्यांना स्वतः वकिलाकडे घेऊन गेली. तिथून येताना दोघींनी उसाचा रस घेतला, आणि शोभाताईंचा संशय तिथेच कुठेतरी रसवंतीवर राहून गेला असावा. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीसाठी डब्यात वांग्याची भाजी आणली.

प्लास्टर निघाल्यावर देवराव चालायलाच घाबरत. मावशीनं त्यांना ताब्यात घेतलं. सकाळी त्यांच्या अंगणात उभी राहून ती शिट्टी वाजवी, देवराव एक पाऊल टाकत. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाऊल. गल्लीतली मंडळी दात घासत हा कार्यक्रम बघत. एक दिवस देवराव वैतागून म्हणाले, "बाई, तुमी शिट्टी बेसूर वाजवता." मावशीला आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. तिनं शिट्टी त्यांच्या हातात दिली. "मग तुमी वाजवा न् तुमीच चाला." देवराव त्या दिवसापासून स्वतःच्याच शिट्टीवर, तालात, चालायला लागले. पाय बरा झाला, पण थोडा आखूड राहिला. वरातीपुढे तासन् तास चालत वाजवणं आता जमणार नव्हतं. बँडच्या मालकानं माणुसकी दाखवली आणि त्यांना दिव्यांच्या ठेल्यावर बसून वाजवायची परवानगी दिली. पण बसून वाजवणाऱ्याकडे वरातीत कुणी बघत नाही, हे ते एकदा हसत हसत मला म्हणाले होते. मावशी तेव्हा तिथेच होती. 

दाव्याचा निकाल देवरावांच्या बाजूनं लागला. विमा कंपनीनं देवरावांना भरपाई द्यावी, असं त्यात होतं. पण मावशीनं विम्याच्या अटी मोडल्या असं कंपनीचं म्हणणं असेल, तर तिनं मावशीवर वेगळा दावा करून ते सिद्ध करावं आणि दिलेले पैसे वसूल करून घ्यावेत, असंही होतं. कंपनीनं पैसे दिले आणि लगेच वसुलीचा दावा ठोकला. त्या दिवशी मावशीकडे लायसन्स होतं का, एवढाच प्रश्न होता. तिचं लर्निंग नेमकं त्याच आठवड्यात संपलं होतं, आणि शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसलेला नव्हता, दम्यानं कासावीस झालेल्या कुंदाताई होत्या.

प्रशांत नावाचा माझा शाळेपासूनचा मित्र वकील आहे. तो मावशीच्या बाजूनं उभा राहिला. हुशार माणूस, पण असं अशील त्याला पूर्वी मिळालं नव्हतं. पहिल्याच भेटीत मावशी त्याला म्हणाली, "कंपनीचं बरोबर आहे बाबू. माह्यावर विश्वास ठेवून विमा देल्ला त्यायनं. मी नियम तोडला." प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तरी त्यानं धीर सोडला नाही. दरम्यान मावशीनं जाऊन परीक्षा दिली. केस चालू असताना लायसन्सशिवाय राहणं बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर तिनं रिव्हर्स घोटून घेतली होती. संध्यानंच परीक्षा घेतली आणि या वेळी खांब जागच्या जागी राहिला. प्रशांत खूश झाला. पण अपघातानंतर काढलेलं लायसन्स अपघाताच्या उपयोगी पडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी कुंदाताईंचे यजमान मावशीकडे आले. मी तिथे होतो. चहा पुढे ठेवला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "बाई, कुंदा तुमच्यामुळं आहे. कोर्टात मी सांगतो, त्या दिवशी मी गाडीत बसलो होतो म्हणून. माह्याजवळ पक्कं लायसन्स आहे."

"तुमी तर मौद्याले होते," मावशी म्हणाली.

"ते कोणाले समजते? ड्यूटी बदलली होती म्हणून सांगू. मी पाहून घेतो."

मावशीनं त्यांच्या पुढ्यातला चहा उचलला, आत जाऊन गरम करून आणला आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमी चांगले माणूस आहा. म्हणून असं बोलून राहिले. पण कोर्टात उभं राहून तुमी खोटं बोलान, अन् ते माह्यासाठी बोलान. मग कुंदासमोर आपण दोघं कसे बसू? अंगणात रोज समोरासमोर येतो आपण." त्यांनी कप जवळ ओढला. मग चहा प्याले. जाताना दारात थांबून म्हणाले, "घर तर नाही ना जात बाई?" मावशी हसली. "नाही जात. चपला घाला."

कोर्टातल्या दिवशी मावशी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आली होती. कंपनीचे वकील जाडजूड, कमरेला पट्टा बांधलेले, उठता-बसता कण्हणारे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मावशी अशी उभी होती की आता राष्ट्रगीत सुरू होईल. वकिलांनी विचारलं, "अपघाताच्या दिवशी आपल्याकडे मुदतीतलं लायसन्स होतं?"

"नव्हतं."

"मुदत संपल्याचं आपल्याला माहीत होतं?"

प्रशांतनं पेन घट्ट धरलं. इथे 'नव्हतं' म्हटलं तर त्याला लढायला थोडी जागा मिळणार होती. मावशी म्हणाली, "माहीत होतं. सकाळीच पाह्यलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन नवं काढणार होती."

"तरी गाडी चालवली?"

"चालवली. कुंदाचा जीव जाऊन राहिला होता."

प्रशांत उठून म्हणाला, हा नाइलाज होता, हे न्यायालयानं लक्षात घ्यावं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मावशीकडे पाहून विचारलं, "म्हणजे गाडी चालवणं हा नाइलाज होता, असंच ना?"

"दवाखान्यात जायचा नाइलाज होता," मावशी म्हणाली. "कुंदा आत पोचली, तिथं नाइलाज संपला. त्याच्यानंतर मी गाडी बाजूले घेतली, तवा कोणाचा जीव जात नव्हता. मांगं पाहाले पाहिजे होतं. पाह्यलं नाही."

न्यायाधीशबाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. विचारायला काही उरलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात देवराव बसले होते. साक्षीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले होते. कंपनीचे वकील बाहेर पडताच ते लंगडत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, मले सांगा, माह्या पायाचे पैसे तुमी देल्ले का बाईनं देल्ले?"

"काका, आम्ही दिले. आता बाईंकडून घेऊ."

"म्हणजे बाईनंच देल्ले."

"शेवटी तसंच."

"मग मले नको ते. तुमी वापस घेऊन टाका अन् बाईले सोडा."

वकिलांना असा पक्षकार बहुधा भेटला नसावा. ते समजावू लागले, की असं करता येत नाही, पैसे तुमचे आहेत, कायदा असा आहे. देवराव ऐकेनात. शेवटी मावशी मधे पडली. "देवरावजी, तुमच्या पोरीची फी भरली ना त्यातून? मग वापस काय देता, पोरीचं डोकं? बसा तिथं. पाय लोंबकळत ठेवू नका." देवराव बसले. मग ती वकिलांकडे वळली आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "साहेब, हा पट्टा तुमाले कोणी सांगतला? पट्ट्यानं कंबर अजून आळशी होते. सकाळी उताणं झोपायचं, गुडघे असे पोटाशी घ्यायचे." आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं विमा कंपनीच्या वकिलांना, ज्यांनी आत्ताच तिच्यावरची केस जिंकल्यात जमा केली होती, कमरेचा व्यायाम शिकवला. त्यांनी तो लिहून घेतला. पुढच्या तारखेला ते पट्ट्याशिवाय आले, असं प्रशांत सांगतो.

निकाल व्हायचा तोच झाला. कंपनीला पैसे वसूल करायची मुभा मिळाली. प्रशांत म्हणाला, वर अपील करू, हप्ते मागू, कंपनीचे लोकही ऐकतील. मी म्हटलं, मी भरतो, तू माझी मावशी आहेस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतलं मैदान आठवलं. "गाडी मांगं तू घेतली होती काय?" एवढंच म्हणाली. गाडी तिनं विकली. घेणाऱ्याला आधी रिव्हर्स घेऊन दाखवायला लावली. पण गाडीनं कितीसं भागणार. मग ती म्हणाली, "मौद्याकडे प्लॉट आहे माहा. तो विकतो."

तिचा मौद्याकडे प्लॉट आहे हे मला ठाऊक होतं, पण पगारदार माणसं घेऊन ठेवतात तसा तो घेऊन ठेवलेला असेल, असंच मी धरून चाललो होतो. गिऱ्हाईक लवकर मिळालं. मौद्याचाच एक मास्तर, बायको आणि म्हातारे वडील असलेला. व्यवहार उरकला त्या दिवशी मी तिला माझ्या गाडीनं घेऊन गेलो होतो. परत निघताना ती म्हणाली, "बाबू, एक वेळ तिकडून घे. पाहून घेतो."

प्लॉट गावाबाहेर होता. दूर वीज केंद्राची धुराडी दिसत होती. आजूबाजूला एक-दोन घरं झालेली, बाकी गवत आणि बाभळी. मास्तरानं आधीच चुन्याच्या रेषा आखून ठेवल्या होत्या. मावशी चपला काढून आत गेली. मला वाटलं, मातीला नमस्कार करून येईल. ती तशी नाही. ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिली.

"मास्तरानं स्वयंपाकघर चुकीच्या बाजूले घेतलं," ती म्हणाली. "धूर सगळा घरात येईन."

"तुला काय कळलं, कुठे काय आहे ते?"

"आम्ही ठरवलं होतं ना सगळं. तुह्या आईनं न् मी."

मला काही समजेना. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती मावशीची थोरली बहीण. आयुष्यभर धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सासू, दीर, आम्ही पोरं यांच्यात वावरलेली. मौद्याचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुले नाही सांगतलं तिनं," मावशी म्हणाली. "तुह्या बाबालेही नाही. प्लॉट घेतला तवा आम्ही दोघी बसनं आलो होतो. तुमी पोरं मोठी झाले, आपापल्या कामाले लागले, की आपण दोघी इथं राहू, असं ठरलं होतं. तिले कोंबड्या पाळायच्या होत्या." ती थोडी हसली. "तिकडे कोणाले कोंबड्या चालत नव्हत्या."

आईला कोंबड्या पाळायच्या होत्या. मी तिचा मुलगा. मला हे त्या रानात उभं राहून, पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी म्हटलं, "मावशी, मला आधी सांगितलं असतंस तर विकू दिला नसता."

"म्हणूनच नाही सांगतलं," ती म्हणाली. "अन् देवरावचा पाय कोणी देल्ला असता? तुह्या आईलेही चाललं नसतं ते. ती माह्याहून कडक होती, तुमाले माहीत नाही." मग चुन्याच्या रेषा न मोडता, जपून पाय टाकत, ती प्लॉटच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. मलाही हातानं बोलावलं. तिथे नुसतं गवत होतं, कमरेइतकं. तिनं छातीएवढ्या उंचीवर हवेत आडवा हात फिरवला, एखादी चौकट पुसावी तसा.

"ही तुह्या आईची खिडकी होती," ती म्हणाली. "चांगलं ऊन येत होतं इथून."